आबांचा सिदू

माझी बायको म्हणायची, तुमचं मला ठाऊक नाही असं काहीच नाही. मी हसायचो. एक होतं. ती शेवटची हॉस्पिटलात होती तेव्हा एका दुपारी ते अगदी ओठांपर्यंत आलं — आणि मी तिला विचारलं, पाणी हवंय का? ती गेली. आता हे ऐकायला घरात कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, हे एका अर्थी बरंच आहे.

कुठून सुरुवात करू? माझ्यापासून नको. आबांपासून करतो.

एकाहत्तरची लढाई नुकतीच संपली होती. मी वाईचा, घाटावरच्या आळीत वाढलेला, बी.ए. होऊन कोरेगावकडच्या एका गावात हायस्कूलला मास्तर म्हणून लागलो होतो. राहायला खोली मिळाली ती ज्ञानोबांच्या घरी. त्यांना सगळा गाव आबा म्हणायचा. वय ऐंशीच्या आसपास, पण काठी नुसती हातात असायची, टेकायची नाही. त्यांचा मुलगा पलटणीत होता, बाहेरच असायचा. घरात सून — आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो — आणि आबा. आबांना ऐकू फार कमी यायचं. तापात कोयनेल, म्हणजे क्विनीन, खाऊन खाऊन कान गेले, असं ते सांगायचे. डाव्या कानाशी तोंड नेऊन बोललं तर कळायचं, नाहीतर ते तुमच्या चेहऱ्याकडे बघून अंदाजानं हसायचे.

ताप कुठला? तर आफ्रिकेतला. पहिल्या महायुद्धात आबा जर्मनांविरुद्ध लढायला आफ्रिकेला गेले होते.

मला आधी खरंच वाटलं नाही. जर्मन म्हणजे फ्रान्स, बर्फ, खंदक — आफ्रिकेत कुठले जर्मन? रविवारी दुपारी आबा सोप्यात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसायचे, मीही जाऊन बसायचो, आणि मग ते सांगायचे.

"टांगा म्हंजी घोड्याचा न्हवं, मास्तर. बंदराचं नाव हाय ते. जर्मनचा मुलूख हुता तितं. आमाला वाटलं, आता गोरी फौज दिसंल. तर कसलं काय! सायेब तेवढा गोरा. बाकी समदी काळी पोरं, रानात राबनाऱ्यांची. अस्करी म्हनायचे त्यांना. आमच्याबी पलटणीत सायेब तेवढा गोरा, बाकी आमी. म्हंजी बगा, दोन सायबांचं भांडान, आन् मरनार कोन?"

असं बोलून ते शेंगदाणा तोंडात टाकायचे. त्यात तक्रार नसायची. जे पाहिलं ते सांगायचे.

आबांची हकिगत मी जशी ऐकली तशी आधी सांगतो. ती नीट सांगणं मला एकदाच जमायला हवं होतं, आणि जमलं नाही.

बोटीतून उतरले तेव्हा सगळे ओकून ओकून अर्धमेले झालेले. किनाऱ्यावर चिखल, मग नारळीची बाग, मग झाडी. झाडीतून गोळ्या यायला लागल्या. त्यातच कुठंतरी झाडांवरची मोहोळं फुटली आणि माश्या उठल्या. आबांचे डोळे सुजून बंद झाले. हातात बंदूक, आणि समोर काही दिसत नाही. माणसं ओरडत मागे, बोटींकडे पळत होती. आबांनी बंदूक टाकली आणि एका झाडाला पाठ लावून खाली बसले. हे त्यांनी मला अगदी सरळ सांगितलं. "मी टाकली. आदी मीच टाकली."

सिदू त्यांच्याच पलटणीतला. सिद्राम, मिरजेच्या खालच्या अंगाचा, अर्धं कानडी बोलणारा. तो पळत बराच पुढे गेला होता. बोटी दिसत होत्या त्याला. आणि तो परत फिरला. आबा म्हणाले, सिद्या, जा तू. तर तो म्हणाला, तुला दिसत न्हाई, मी गेलो तर तुला वाट कोन दावनार? तो बसला आबांजवळ. बोटी गेल्या.

दुसऱ्या दिवशी एका अस्करीनं त्यांना शोधून काढलं. आबांना फक्त पावलं ऐकू आली, आणि बंदुकीचा खटका. तेव्हा सिदूनं काय केलं? त्यानं आधी आबांचे दोन्ही हात धरून वर केले, आणि मग स्वतःचे केले. कारण आबांना दिसत नव्हतं, आणि हात वर दिसले नाहीत तर गोळी आधी त्यांना लागली असती.

गोळी आली नाही. थोड्या वेळानं आबांच्या ओठांना पत्र्याची बाटली लागली. त्या अस्करीनं पाणी पाजलं. पुढे कैदेत मुलखाच्या आत, दूरवर नेलं, दोनेक वर्षं ठेवलं. मक्याची पेज, ताप, पुन्हा ताप. सिदूनं आबांना हातानं भरवलं. तो पाणी पाजणारा अस्करी पुढे छावणीच्या पहाऱ्यावर होता. एकदा त्याला त्याच्या साहेबानं चामड्याच्या चाबकानं सगळ्यांसमोर फोडून काढलं. का, ते आबांना कळलं नाही. "आमच्या सायबाचा बूट, त्यांच्या सायबाचा चाबूक," आबा म्हणाले आणि हातातली शेंग तशीच सुपात टाकली.

सुटका झाल्यावर आबांना दवाखान्याच्या बोटीवर घातलं आणि सिदूला दुसरीकडे पाठवलं. आबा गावी येऊन हिंडते-फिरते झाल्यावर मिरजेला गेले, सिदूचं गाव गाठलं. घराला कडी. मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत सिदूचं घर रिकामं झालं होतं. तो कुठेतरी मामाकडे कर्नाटकात गेला, एवढंच शेजारी सांगू शकले. त्यानंतर भेट नाही. पन्नासहून जास्त वर्षं.

आता माझ्याकडे यावंच लागेल.

लढाई जिंकल्याचा तो काळ. गावोगाव जवानांचे सत्कार चालले होते. साताऱ्याला एक मोठा सोहळा ठरला, त्यात जुन्या महायुद्धांतल्या म्हाताऱ्या सैनिकांचाही मान करायचा होता. आबांचं नाव मीच सुचवलं. त्यांच्याबद्दल बोलायचं कामही माझ्याकडेच आलं. मी कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेला. भागात माझ्या भाषणांचं थोडं नाव व्हायला लागलं होतं. ते मला किती आवडायचं, हे आज लिहितानाही लाज वाटते.

निघायच्या सकाळी आबांनी पांढरा पटका बांधला. वहिनींनी त्यांच्या कोटाला बिल्ले लावले. एसटीच्या थांब्यावर आबांनी माझा दंड धरला.

"मास्तर, एवढं करा. सिद्याचं नाव माइकात घ्या. मोटी मानसं येनार, कुनीतरी सांगली-मिरजंचं असंलच. म्हनावं, जित्ता असंल तर ग्यानू वाट बगतोय. आन् त्यो माज्यासाटी मागं फिरला, ते बी सांगा. ते सांगाच."

मी त्यांच्या डाव्या कानाशी वाकून म्हणालो, सांगतो, आबा.

गावातून आम्ही दोघंच गेलो होतो. मैदानावर मांडव, ही गर्दी. व्यासपीठावर एक निवृत्त मोठे अधिकारी अध्यक्ष. माझ्या आधीचे वक्ते रणगाडे, संगिनी, छातीवर झेललेल्या गोळ्या असं बोलत होते, आणि लोक उसळत होते. माझी पाळी आली. मी खरं तेच सुरू केलं, हे मला नीट आठवतं. बोट सांगितली, चिखल सांगितला. मग माश्या म्हणालो.

आणि मागून कुणीतरी हसलं.

एकच. मग दोन-चार. मग ते हसू पुढच्या रांगांपर्यंत आलं. अध्यक्षही हसले. त्यांचं हसणं वाईट नव्हतं, पण मी ते पाहिलं. आबा माझ्या बाजूच्या खुर्चीत बसून लोकांकडे बघत होते, आणि लोक हसतायत म्हणून तेही हसले.

तुम्ही कधी एवढ्या लोकांसमोर उभे राहिलायत? डोकं फार भरभर चालतं. माझं चाललं. मी म्हणालो — शब्द पाठ आहेत, म्हणून तेच लिहितो — "त्या रणात ज्ञानोबांच्या सोबतीला होता मिरजेकडचा सिद्राम. समोर काळे राक्षस दिसताच त्यानं बंदूक फेकली, हात वर केले आणि प्राणांची भीक मागितली. पण आमच्या या मावळ्यानं? शेवटचं काडतूस संपेपर्यंत एकट्यानं झुंज दिली!"

टाळ्या पडल्या. किती तरी वेळ. मी पुढेही बोललो, संगिनीचं, रक्ताचं. जे तोंडात आलं ते. पाणी पाजणारा माणूस मी राक्षस केला, आणि मागे फिरलेला माणूस पळपुटा. नाव घ्यायला सांगितलं होतं ना? नाव तर घेतलं.

सिद्राम केव्हाच मेला असेल, असं मला तेव्हा वाटलं होतं. पण मेलेल्या माणसाबद्दल असं बोललेलं चालतं का? हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

टाळ्या चालू असताना मी आबांकडे पाहिलं. लाउडस्पीकरच्या त्या गोंगाटात त्यांना माझ्या भाषणातलं काय कळलं असेल? एक नाव कळलं. सिद्राम. ते उभे राहिले होते, हात जोडलेले, आणि डोळ्यांतून पाणी. परतीच्या एसटीत ते मला म्हणाले, "सिद्याला केवड्या टाळ्या, मास्तर! त्यो असता तर..."

मी कंडक्टरकडून दोघांची तिकिटं घेतली.

तुम्ही म्हणाल, जिभेवरून एकदा सुटलं, माणसाकडून होतं असं. मीही बरीच वर्षं तेच म्हणायचो. पण मला जे सांगायचंय ते हे नाहीच. ते पुढे आहे.

त्या गर्दीत खरोखरच मिरजेकडचे एक पाहुणे होते. मुलीच्या सासरी आलेले, मांडव बघून आत शिरलेले. आबांचा हिशेब चुकला नव्हता. दोनेक महिन्यांनी, ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, शाळेच्या फाटकाशी एक मोटारसायकल उभी राहिली. चाळिशीतला माणूस, हाताला ग्रीसचे डाग. मी वर्गात होतो. शिपाई सांगायला आला म्हणून बाहेर गेलो. त्यानं नमस्कार केला. म्हणाला, मी महादेव, कुपवाडला वर्कशॉपमध्ये असतो. साताऱ्याला ज्ञानोबांवर बोलले ते गुरुजी तुम्हीच ना?

मी म्हणालो, हो.

"मी सिद्रामचा मुलगा," तो म्हणाला. "अप्पा हायत अजून, कर्नाटकातनं परत येऊन कुपवाडलाच असतात. गुडघे गेलेत, नाहीतर तेच आले असते."

शाळेच्या फाटकातून आबांचं घर दिसायचं. सोप्यात आबा बसलेले दिसत होते — पटका, पुढ्यात सूप. हाक मारली असती तर त्यांना ऐकू गेलं नसतं, पण चालत गेलं तर चार ढांगा. तिथूनच मी त्याला बोटानं दाखवू शकलो असतो.

तो मला दटावायला आला नव्हता. आवाजही चढवला नाही. ओळखीच्या त्या पाहुण्यांनी भाषणातलं सांगितलं तेव्हा अप्पा जेवत होते, म्हणाला. हात धुतला आणि उठले. मग एकदा त्याला बोलावून म्हणाले, जाऊन एवढंच विचारून ये, हे ग्यानूनं त्याच्या तोंडानं सांगितलं का? बाकी मला काही नको.

"ते कुठं भेटतील?" महादेवनं विचारलं. "की तुम्हालाच ठाऊक असंल? सांगितलं का त्यांनी असं?"

एक शब्द होता. 'नाही' म्हणालो असतो, तर मला पुढचं सगळं सांगावं लागलं असतं — त्याला, मग आबांना, मग साताऱ्याला. मागे वर्गाच्या खिडकीत पोरं डोकावत होती. पुढच्या महिन्यात मला आणखी एका ठिकाणी भाषणाला बोलावणं होतं. हे सगळं त्या क्षणी मनात आलं, हे मी लपवत नाही.

मी म्हणालो, "हो. त्यांनीच सांगितलं."

आणि वर म्हणालो, आता त्यांना भेटून काही उपयोग नाही, वय झालंय, ऐकू येत नाही, काहीबाही बोलतात. तुम्हाला उगाच त्रास होईल.

महादेवनं मान डोलावली. शाळेच्या माठातलं पाणी प्यायला. मला म्हणाला, बरं झालं गुरुजी, खरं काय ते कळलं. मोटारसायकल वळवून तो निघून गेला. आबांच्या घरावरूनच गेला. आबांनी मान वर करून बघितलं — गावात मोटारसायकल आली की ते बघायचेच.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "कोन आलतं?" मी सांगितलं, पुस्तकांचा एजंट.

त्यानंतरही आबा विचारत राहिले. आधी दर आठवड्याला, मग सणासुदीला. "सांगलीकडनं काय निरोप?" मी नाही म्हणून मान हलवायचो. कान नसलेल्या माणसाशी खोटं बोलणं किती सोपं असतं! शब्दही लागत नाही. मी त्यांच्याच घरी जेवत होतो. वहिनी माझ्यासाठी भाकरी झाकून ठेवायच्या. त्या घरात मला कुणी कधी परकं मानलं नाही, आणि मी रोज त्या सोप्यावरून शाळेत जात-येत होतो. कसं जमलं मला? मला माहीत नाही. जमलं, एवढं खरं.

आबा आणखी काही वर्षं जगले. मग एका थंडीत छातीत कफ झाला आणि गेले. आजारात एकदा वहिनींना म्हणाले, सिद्या आला तर त्याला मिरचीचं देऊ नका, त्याला तिखट चालत न्हाई. आबा लढाईचं घरात कधी बोलत नसत, म्हणून वहिनींनी मला विचारलं, भावजी, ह्यो सिद्या कोन? मी म्हणालो, त्यांचे कुणी जुने मित्र.

तेराव्यानंतर मी सांगलीला गेलो. आता तरी सांगायचं, असं ठरवून गेलो होतो. तिथून जवळच कुपवाडला वर्कशॉप शोधलं. महादेवनं ओळखलं, काम थांबवलं, मला मागे बसवून घरी घेऊन गेला. दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत खाटेवर सिद्राम बसले होते. बारीक चणीचे, डोक्यावर पांढरी टोपी, पायांवर घोंगडी. इतकी वर्षं मी ज्यांचं नाव ऐकलं आणि ज्यांच्याबद्दल बोललो, त्यांना पहिल्यांदा बघत होतो.

मी त्यांना सांगितलं, ज्ञानोबा गेले.

त्यांनी घोंगडीचा काठ चिमटीत धरला. मग विचारलं, "लय हाल झाले का?" मी म्हणालो, नाही. "आन् घरचं समदं बरं हाय न्हवं? पोरगं?" मी म्हणालो, पलटणीत आहे.

मग ते म्हणाले, "त्यो माज्याविषयी बोलला, ते कळलं हुतं मला. तवा लय वाईट वाटलं. महादेवला इचारा. पर मागनं मी इचार केला. ग्यानूचं डोळं मिटलेलं हुतं बगा तवा. त्याला काय दिसलं? कायच न्हाई. मग त्याला जसं वाटलं तसं त्यो बोलला. त्यात त्याचा काय दोष? मी त्याला कवाच माफ केलं. जिता हुता तवाच येऊन सांगायचं हुतं, पर ह्ये गुडघं."

तुम्हाला वाटेल, इथे मी बोललो. निघालोच होतो ना त्यासाठी? समोर माणूस बसलेला, दुसरं कुणी अडवायला नाही. आबा गेलेले, नोकरी पक्की झालेली, भाषणं मी केव्हाच सोडलेली. भ्यायला काहीच उरलं नव्हतं. मग मी का भ्यालो?

सुनेनं चहा आणला. मी तो प्यायलो. सिद्राम मला आबांच्या तरुणपणाचं सांगत होते — तापात कसे ते आईला हाका मारायचे, बरं वाटलं की कसे सगळ्या बराकीला लावण्या म्हणून दाखवायचे. लावण्यांचं मला आबांनी कधी सांगितलं नव्हतं. ते हसत होते सांगताना. मीही हसलो.

महादेवनं मला एसटी स्टँडवर सोडलं. म्हणाला, "बरं झालं आलात, गुरुजी. अप्पा लय दिवसांनी एवढं बोलले." मी म्हणालो, येतो. परत कधी गेलो नाही. सिद्रामही पुढे गेले असणार. मी चौकशी केली नाही.

ज्ञानोबांनी तसं काही म्हटलं नव्हतं. बंदूक आधी आपण टाकली आणि सिदू आपल्यासाठी मागे फिरला, हे त्यांना शेवटपर्यंत ठाऊक होतं, आणि तेच त्यांना सगळ्यांना सांगायचं होतं. उलटं बोललो तो मी. ही तीन वाक्यं. कुपवाडच्या त्या खोलीत, चहा निवायच्या आत बोलून झाली असती.